पाचवं नाव

आधीच सांगून ठेवतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते पार्सल पोचवताना लोकांच्या सह्या घेण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या, मोठमोठे शब्दही माझ्याकडे नाहीत. पण ही गोष्ट ज्यांच्या बाबतीत घडली ते दशरथ सर माझे सर होते. एका संध्याकाळी त्यांच्याकडची लाइट गेली होती. मेणबत्ती लावून, ती दोघांच्या मध्ये ठेवून, त्यांनी ती मला सांगितली. जशी सांगितली तशी लिहितो.

शाळा बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला. एकाच आवारात दोन इमारती. पुढची नवी, काचेची, इंग्रजी माध्यमाची. तिथे जिन्यावरसुद्धा मुलं मावत नाहीत. मागची जुनी, मराठी माध्यमाची. आठवी ते दहावी मिळून तिथे एकसष्ट मुलं. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि नवीन कुणी यायला तयार होईना, म्हणून सर्वांत जुने म्हणून दशरथ सरांना जूनपासून प्रभारी मुख्याध्यापक करून टाकलं.

माणूस तसा अबोल. सव्वीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या मध्ये बसून जेवला. कुणाची भाजी, कुणाची चटणी, यांच्याकडचं कुळीथाचं पिठलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसायला लागले त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांना कुणी बोलवायला आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन डबा घेऊन गेले, तर चाललेलं बोलणं थांबलं. सगळे सरकून बसले, जागाही करून दिली. पण बोलणं काही पुन्हा सुरू झालं नाही. तेव्हापासून सरांचा डबा मुख्याध्यापकांच्या मोठ्या टेबलावर एकट्याने उघडायचा. संध्याकाळी दहिसरला घरी गेलं तरी दार आतून उघडणारं कुणी नव्हतं.

शाळेत एक नाट्य-वक्तृत्व मंडळ होतं. एके काळी त्याचं मोठं नाव. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल मंडळाचा. दर डिसेंबरात तिथे वक्तृत्व स्पर्धा व्हायची आणि पहिला येणारा आंतरशालेय स्पर्धेला जायचा. पण मुलं आटली तशी स्पर्धाही आटली. आदल्या वर्षी तीनच नावं आली म्हणून ती रद्द झाली. यंदा संस्थेच्या कार्यवाहांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, सरांना उभ्या उभ्याच सांगितलं, "सर, अर्जावर पाच नावं दिसली तर स्पर्धा. एक जरी कमी झालं तर मंडळ बंद आणि हॉल इंग्रजीवाल्यांच्या रोबोटिक्सला. रिकाम्या खुर्च्यांवर पंखे कशाला फिरवायचे?"

"होतील भाऊ," सर म्हणाले.

"होतील नको. झाले म्हणून सांगा."

आणि दुसरीकडे अपूर्वा. नववीतली, केतकीपाड्याची, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ देणार नाही अशी. ती रोज खोलीच्या दारात.

"सर, गेल्या वर्षी तुम्ही मला काय बोलला होता? पुढच्या वर्षी. हेच ना ते पुढचं वर्ष?"

"हो गं बाई."

"दहावीला तुम्ही कुणाला घेत नाही."

"बोर्डाचं वर्ष असतं. नियम आहे."

"मग बघा हां सर. यंदा नाही झालं तर माझं कधीच नाही होणार."

तिनेच दोन आठवीतली पोरं पकडून आणली. चौथा सर्वेश. तो म्हणाला, "सर, मी उभा राहतो, पण मला बोलता येत नाही. हिने धमकी दिली म्हणून आलोय." झाली चार. पाचवं काही केल्या मिळेना.

गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर सर अर्ज भरायला बसले. चार नावं लिहिली आणि पाचव्या ओळीवर पेन थांबलं. हजर मुलांपैकी कुणाचं नाव त्याला न विचारता घातलं तर ते पोर हॉलमध्येच ओरडून सांगेल, मी नाही दिलं म्हणून. मनचं नाव रचावं, तर हात धजेना. खोटं लिहायचं ठरवूनही सरांना नाव मात्र खरं हवं होतं, आपल्याच शाळेतलं. असा तो माणूस. त्यांनी कपाट उघडलं आणि मंडळाची जुनी नोंदवही काढली. पानांना दमट वास. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका स्पर्धेचं पान लागलं. अकरा नावं. दहा नावांपुढे गुण किंवा 'गैरहजर'. अकराव्या नावापुढे काहीच नाही. कोरं.

क्लिफर्ड किणी, आठवी.

सरांनी ते नाव अर्जावर उतरवलं. उद्या हाका मारायच्या, थोडं थांबायचं, 'गैरहजर' लिहायचं. अर्जावर पाच दिसले म्हणजे झालं. कुणाच्या ताटातलं आपण काढून घेत नाही, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं आणि खोलीला कुलूप लावलं.

शुक्रवारी तिसऱ्या तासानंतर स्पर्धा सुरू झाली. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन खिडक्यांतून आत आलेलं. भिंतीपलीकडे माकडांची उड्या मारत पळापळ. चाळीसेक मुलं, मागे शिक्षक, पुढच्या रांगेत भाऊ. परीक्षक तीन. त्यातल्या एथेल बाई याच शाळेतून निवृत्त झालेल्या, गोराईच्या, आता दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. घंटा वाजवायला दहावीतली गंधाली. तिच्यापुढे घड्याळ आणि पितळी घंटा. चार मिनिटांना एक टोला, पाच मिनिटांना दोन. नावं पुकारायला स्वतः दशरथ सर.

आठवीतली दोघं पाठ केलेलं म्हणून उतरली. सर्वेश दीड मिनिटात "धन्यवाद" म्हणाला, त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. अपूर्वा मात्र बोलली. खरंच बोलली. भाऊसुद्धा मोबाइल खिशात ठेवून ऐकत होते. सरांना वाटलं, झालं, केलं त्याचं चीज झालं.

मग त्यांनी कागद बघितला.

"क्रमांक पाच. क्लिफर्ड किणी."

मुलं इकडेतिकडे बघायला लागली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. स्पर्धेचा नियम असा की स्पर्धकाला तीनदा पुकारायचं, मगच गैरहजर धरायचं.

"क्लिफर्ड किणी."

कुणी उठलं नाही. आणि नेमकं तेव्हा सरांना आपली आई आठवली. मालवणला, संध्याकाळची चुलीपाशी बसून ती सांगायची, "दशरथा, रातचा कोणी हाक मारल्यान तर लगेच ओ देव नको. तिसऱ्या हाकेची वाट बघ. जित्या माणसाचीच तिसरी हाक येता." सरांना वाटलं, आपण पेन टेकवावं आणि लिहून टाकावं. दोन हाका पुरे. पण पुढे परीक्षक बसलेले, भाऊ बघतायत.

"क्लिफर्ड किणी…"

वरचा पंखा फिरत होता. एवढाच आवाज.

मग मागच्या ओळीतल्या एका मुलाने मान वळवली. त्याच्या शेजारणीने वळवली. मग पुढच्या ओळीतल्यांनी. दारापासून मधल्या वाटेने एकेक ओळ माना वळवत गेली, जसं कुणी चालत पुढे येताना आपण बघतो तसं. कडेला बसलेल्या एकाने वाटेत आलेला पाय मागे घेतला. माना पुढे पुढे आल्या, मंचाच्या पायऱ्यांपाशी वर झाल्या, आणि माइकसमोर येऊन थांबल्या.

माइकसमोर कुणी नव्हतं.

सरांनी डोळे मिटून पुन्हा उघडले. माइकचा दांडा, मागे निळा पडदा, पडद्यावर उन्हाचा पट्टा. गंधालीने घड्याळ सुरू केलं. परीक्षकांनी पेनं उचलली.

"गंधाली…" सर हळूच म्हणाले. "कोण आहे तिथे?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापकांना.

पुढची पाच मिनिटं सरांनी कशी काढली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एक शब्द ऐकू येत नव्हता. दिसत होते ते फक्त चेहरे. चाळीस मुलं एकदम हसायची, एकदम गंभीर व्हायची. एकदा सगळ्यांनी श्वास रोखला. सर्वेश, जो कुणाचंच ऐकत नाही, तो तोंड उघडं टाकून बसला होता. भाऊंनी चष्मा काढून डोळे पुसले. सगळा हॉल एका ठिकाणी होता आणि सर एकटे दुसऱ्याच ठिकाणी. सरांपर्यंत पोचला तो फक्त वास, ओहोटीच्या वेळी खाडीतून येतो तसा. चिखलाचा, कुजक्या लाकडाचा, गार.

एक टोला पडला. मग दोन. आणि टाळ्या. उभं राहून टाळ्या.

माना पुन्हा वळत वळत मागे गेल्या आणि शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीपाशी थांबल्या. खुर्ची रिकामी होती.

निकाल लागेपर्यंत परीक्षक सरांच्या खोलीत चहाला बसले. एथेल बाईंनी गुणांचा कागद पुढे सरकवला. क्रमांक पाच, एक्क्याण्णव. अपूर्वा, चौऱ्याऐंशी.

"काय बोलला हो पोरगा," एथेल बाई म्हणाल्या. "माझे डोळे गेलेत, चेहरा धड दिसला नाय. पण आवाज… आमच्या गोराईत होता एक क्लिफर्ड किणी. याच शाळेत. रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून यायचा. त्याचा कोण लागतो हा?"

"बाई, तो क्लिफर्ड आता कुठे असतो?"

"आता कुठला असायला? स्पर्धेनंतरच्याच मे महिन्यात खाडीत बुडून गेला. चौदा वर्षांचं पोर." त्यांनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. "तुम्हाला आठवत नाय, सर? त्या वर्षी पाहुण्यांना घाई होती. त्याचा शेवटचा नंबर. नवीन इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. नावं पुकारणाऱ्या सरांनी कागद घडी करून खिशात घातला नि त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू रे."

"कोण सर होते ते?"

एथेल बाईंनी मान वर केली. बघत राहिल्या फक्त, त्या धुरकट डोळ्यांनी, सरांच्या दिशेने.

आणि मग सरांना आठवलं. पोराचा चेहरा नाही आठवला, आठवली ती कागदाची घडी. नोकरीचं पहिलं वर्ष. पाहुण्यांची गाडी खाली हॉर्न वाजवत होती.

तेवढ्यात भाऊ आत आले. चेहरा उजळलेला. "सर, मानलं तुम्हाला! असं पोरगं लपवून ठेवलं होतं? मंडळ बंद करायचं पाप आता मी नाही घेणार. हॉल तुमचा."

भाऊ गेले आणि दारात अपूर्वा उभी.

"सर, तो पहिला आला ना? सगळे तेच बोलतायत."

सरांनी गुणांचा कागद उलटा करून ठेवला.

"खरं सांगू? भारीच बोलला यार तो… सॉरी, सर." ती हसायला गेली पण ओठ थरथरले. "फक्त एक कळलं नाही. सगळे समोर बघून बोलतात. तो पूर्ण वेळ तुमच्याकडे बघून बोलत होता."

"काय बोलला तो, अपूर्वा?"

"म्हणजे? तुम्ही तिथेच तर होता, सर."

ती गेल्यावर सर तो कागद पुन्हा हातात घेऊन बसले. गप्प राहिलं तर मंडळ वाचतं. पण मग आंतरशालेय स्पर्धेला जायचा मान एका मेलेल्या मुलाच्या नावावर राहतो आणि ही जिवंत पोर घरी बसते, आपण केलेल्या एका खोट्यासाठी. खरं बोलावं तर स्पर्धक उरतात चार आणि मंडळच जातं. आणि तिसरीही एक गोष्ट होती, ती सरांना मनातसुद्धा नीट म्हणवत नव्हती. जो मुलगा एवढी वर्षं आपल्या नंबरची वाट बघत थांबला, त्याला पुन्हा एकदा तोंडावर 'तुझं नाव नाही' म्हणायचं.

ते हॉलमध्ये गेले. माइक हातात घेतला.

"मुलांनो, निकालाआधी एक सांगायचंय. पाचवं नाव मी घातलं होतं. तो विद्यार्थी आपल्या पटावर नाही. म्हणून क्रमांक पाच बाद. पहिली आली आहे अपूर्वा. तीच पुढे जाईल. चूक… चूक सगळी माझी आहे."

टाळ्या पडल्या नाहीत. सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळलेल्या. कुणीतरी पुटपुटलं, "असं काय करता, सर… रडतोय तो."

अपूर्वा उभी राहिली. "सर, मला असा पहिला नंबर नको."

"हा माझा निर्णय आहे. खाली बस."

"पण सर…"

"बस, बाळ. वर्ष गेलं की गेलं. मी बघितलंय."

ती बसली. भाऊ मात्र तरातरा पुढे आले आणि माइकवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पटावर नाही म्हणजे? मी ह्या डोळ्यांनी बघितला त्याला. दुसऱ्या शाळेतून आला असेल, दाखला राहिला असेल. एवढ्यासाठी पोराला रडवायचं? हिला पाठवा, हरकत नाही. पण उद्या पहिल्या तासाला त्याचं नाव पटावर घ्या. पाचवा मला कागदावर दिसला तर मंडळ राहील. नाहीतर सोमवारी हॉल रिकामा करा."

"भाऊ, ऐका माझं. तो मुलगा नाहीये. मेलाय तो. सव्वीस वर्षं झाली."

भाऊंनी सरांकडे कीव आल्यासारखं बघितलं. "सर, तुम्ही जरा रजा घ्या," ते म्हणाले. "एकटं राहून राहून माणसाचं असं होतं."

हॉल रिकामा झाला. सर एकटेच मंचाच्या पायरीवर बसून राहिले. समोर खुर्च्यांच्या रांगा. शेवटच्या रांगेकडे बघून ते म्हणाले, "क्लिफर्ड… बाळा, मला तू दिसत नाहीस. ऐकूही येत नाहीस. आहेस का?"

पंखा बंद केलेला होता. बाहेर माकडंही गप्प होती. बराच वेळ थांबूनही काहीच झालं नाही. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि ते दहिसरला गेले. त्या रात्री जेवले नाहीत, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. शिक्षक कमी म्हणून आठवीचा वर्ग सरांकडेच. सात वाजता ते वर्गात गेले, खुर्चीवर बसले, हजेरीपट उघडला. एक ते बावीस नावं घेतली. शेवटची मुलगी "हजर" म्हणाली तसा त्यांनी पट मिटला.

"सर," पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "एक नाव राहिलं."

सरांनी पट पुन्हा उघडला. पेनाचं टोपण काढलं. मंडळासाठी लिहितोय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण ते तेवढंच नव्हतं, हे त्यांना कळत होतं. बाविसाव्या नावाखाली त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि लिहिलेलं वाचलं.

"क्लिफर्ड किणी."

"हजर, सर."

आवाज आला. स्वच्छ, फुटू लागलेल्या कंठाचा, चौदा वर्षांच्या पोराचा. आला तो अगदी जवळून, खुर्चीच्या मागून, कानाशी. सरांच्या अंगावर सरसरून काटा आला, पण त्याबरोबरच, ते मला म्हणाले, जूनपासून पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याजवळ उभं आहे असंही वाटलं. मागे न बघता त्यांनी नावापुढे 'ह' लिहिला.

वर्गात चुळबुळ झाली. मुलं एकमेकांकडे बघत होती. मग तोच पहिल्या बाकावरचा मुलगा चाचरत म्हणाला,

"सर, तुम्ही 'ह' का लावला? आज आला कुठेय तो…"

सरांनी तो 'ह' खोडला नाही. पट मिटला, मराठीचं पुस्तक उघडलं आणि मागे वळून न बघता धडा शिकवायला सुरुवात केली.